निकेल की क्रोम? एका लेन्सचा मुलामा आणि १९३३ साल

मामूंचा फोटो स्टुडिओ बंद झाला आणि सामानाची वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला एक लेन्स आली. मुठीत मावेल एवढी, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली. तिचा कॅमेरा केव्हाच विकला गेला होता. काचेभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत लाइट्झ एल्मार हे नाव, ५ सेंटिमीटर, १:३.५ आणि एक सहा आकडी क्रमांक कोरलेला होता. अम्मीने ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "पीली पड गई है, घासके रख."

मी घासली. पितळी भांड्यांसाठी घरात असलेले पॉलिश घेतले आणि सुती कापडाने दहा मिनिटे हात चालवला. पिवळेपणा गेला नाही. उलट दातेरी कडेवर आणखी पिवळे काहीतरी दिसू लागले. ते आतले पितळ होते. मी जो मळ समजत होतो तो त्या धातूचा स्वतःचा रंग होता. लेन्सवर क्रोम नव्हते, निकेल होते. जवळपास ९० वर्षे टिकलेला तो पातळ थर मी दहा मिनिटांत उडवला.

त्या चुकीनंतर मी या विषयाच्या मागे लागलो. जुन्या कॅमेऱ्यांचा नाद असलेल्या एका जाणकाराने मला एक सोपा नियम सांगितला होता: लायकाची लेन्स निकेलची असेल तर ती हिटलरच्या आधीची, क्रोमची असेल तर नंतरची. नियम ऐकून मला बरे वाटले. आपल्या घरातली वस्तू त्या काळोख्या जर्मनीतली नाही, त्याच्या आधीच्या जर्मनीतली आहे, असे मानायला कोणाला आवडणार नाही? पुढे हा नियम कच्चा निघाला. तो कसा निघाला आणि त्यातून हाती काय आले, ते या लेखात सांगायचे आहे.

दोन धातू, दोन स्वभाव

मराठीत एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवण्याला आपण मुलामा म्हणतो. शब्द अरबी आहे, मूळ अर्थ चमक आणलेले. तांब्या-पितळेच्या भांड्याला कथिलाचा थर देणारी कल्हई हाही अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला शब्द. अरबीत कथिलालाच कलई म्हणतात. कल्हईवाला दारात भाता लावून बसला की आम्ही मुले भोवती गोळा व्हायचो. नवसागराचा धूर उठायचा, कापसाचा बोळा एकदा फिरला की काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे व्हायचे. तेव्हा वाटे, भांडे नवे झाले. भांडे तेच असायचे, फक्त त्याची कातडी बदललेली असायची.

निकेल आणि क्रोम हे त्याच कुळातले, पण विजेच्या साहाय्याने चढवलेले मुलामे. दोघांच्या नावांमागेही गोष्टी आहेत. जर्मनीतल्या खाणकामगारांना तांब्याच्या खनिजासारखा तांबूस दगड सापडायचा, पण त्यातून तांबे काही निघायचे नाही. त्यांनी त्याचे खापर खाणीतल्या खोडकर भुतावर, म्हणजे निकेलवर फोडले आणि दगडाला कुप्फरनिकेल म्हणू लागले. १७५१ मध्ये स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट याने अशाच खनिजातून नवा धातू वेगळा काढला आणि भुताचे नाव धातूला कायमचे चिकटले. क्रोमचा शोध फ्रान्सच्या लुई निकोला व्होक्लँ याने १७९७ मध्ये सायबेरियातल्या लाल खनिजातून लावला. या धातूची संयुगे इतक्या रंगांची असतात की ग्रीक भाषेतल्या रंग या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले गेले. माणकाची लाली आणि पाचूची हिरवाई दोन्ही क्रोमियमच्या अंशामुळेच येते.

निकेल आधी कामाला लागले. अमेरिकेत आयझॅक अ‍ॅडम्स याने १८६९ मध्ये निकेल चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि हा मुलामा कारखान्यांच्या आवाक्यात आला. पुढची पन्नास-साठ वर्षे सायकलची हँडले, दिवे, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि शास्त्रीय उपकरणे यांच्यावर निकेलचेच राज्य होते. ते पितळावर छान बसते, गंजापासून वाचवते, हाताला मऊ लागते. दोष दोन. ते तुलनेने मऊ असल्याने घासले जाते, आणि हवेत राहून त्याची झळाळी मंदावते, त्यावर पिवळसर राखाडी झाक येते.

क्रोमने बराच काळ दाद दिली नाही. क्रोमिक आम्लाच्या हौदात नेमक्या प्रमाणात थोडेसे सल्फेट असावे लागते. ते जास्त झाले किंवा कमी झाले तरी थर नीट बसत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि त्याच्या सहकाऱ्याने १९२४ च्या सुमारास हे गणित जुळवले आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रोम कारखान्यांत शिरले. मोटारींची चकाकणारी तोंडे ही त्याच काळाची देणगी. क्रोम कठीण आहे, सहज ओरखडत नाही, काळवंडत नाही. त्याला रोज पुसणारा नोकर लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शोभेच्या क्रोमचा थर फारच पातळ असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. त्याच्या खाली सहसा निकेलचा त्याहून बराच जाड थर असतो. पितळाला जपण्याचे काम निकेल करते, वरची निळसर झळाळी क्रोमची. म्हणजे जिथे निकेल गेले आणि क्रोम आले असे आपण म्हणतो, तिथेही निकेल गेलेले नसते. ते फक्त झाकलेले असते.

वेट्झलारचा काळा कॅमेरा

माझी लेन्स जिथे बनली ते वेट्झलार हे जर्मनीच्या हेसन भागातले लान नदीकाठचे लहान शहर. १८४९ मध्ये कार्ल केल्नरने तिथे भिंगांचा कारखाना काढला. १८६९ मध्ये तो एर्न्स्ट लाइट्झ याच्या हाती आला आणि सूक्ष्मदर्शकांसाठी जगभर नावाजला. निकेलचे पेटंट आणि लाइट्झचा कारखाना एकाच सालचे, हा निव्वळ योगायोग.

१९११ मध्ये या कारखान्यात ऑस्कर बर्नाक नावाचा यंत्रकार दाखल झाला. त्याला दम्याचा त्रास होता. त्या काळचे काचपट्ट्यांचे अवजड कॅमेरे खांद्यावर घेऊन डोंगर चढणे त्याला जमत नसे. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला, चित्राचे माप २४ बाय ३६ मिलिमीटर. पहिला नमुना १९१३-१४ च्या सुमाराचा. मग महायुद्ध आले. नंतर महागाईने जर्मनी मोडून पडली. थोरला लाइट्झ १९२० मध्ये वारला. १९२४ मध्ये त्याचा मुलगा, दुसरा एर्न्स्ट लाइट्झ, याने सहकाऱ्यांच्या शंका बाजूला ठेवून हा कॅमेरा बाजारात आणायचा निर्णय घेतला. १९२५ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत तो लोकांसमोर आला. लाइट्झचा कॅमेरा, म्हणून लायका.

हा पहिला लायका अंगाने काळा होता आणि त्याची बटणे, चाके, लेन्सची नळी निकेलची होती. काळ्या रंगावर ते ऊबदार निकेल फार शोभते. शेरवानीवर जुन्या चांदीची बटणे असावीत तसे. लेन्सचे गणित मॅक्स बेरेक याचे. आधी पाच भिंगांची रचना होती, तिचे एल्मॅक्स हे नाव एर्न्स्ट लाइट्झ आणि मॅक्स बेरेक या दोन नावांतून जुळवलेले. १९२६ पासून चार भिंगांची एल्मार आली. वापर झाला की नळी ढकलून कॅमेऱ्याच्या पोटात बसवायची, एवढी ती आटोपशीर.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा लायका निघाला. सुरुवातीला प्रत्येक लेन्स तिच्याच कॅमेऱ्याला जुळवून द्यावी लागे. १९३१ पासून मापे पक्की झाली आणि कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्यावर चालू लागली. अशा कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या बैठकीवर खूण म्हणून बारीक शून्य कोरले जाऊ लागले. १९३२ मध्ये अंतर मापण्याची सोय आत बसवलेला दुसरा लायका आला. आणि १९३३ मध्ये तिसरा. या तिसऱ्याबरोबर लायकाच्या अंगावर क्रोम आले, चकचकीत नव्हे तर साटिनसारखे मंद.

कॅमेरा हातात घेऊन रोज रस्त्यावर उतरणाऱ्याला हा बदल हवाच होता. घाम, पाऊस, कातडी पिशवीतले घर्षण या सगळ्यात निकेल झिजत असे. क्रोम टिकत असे. पण कारखान्यात एक मुलामा सोमवारी संपला आणि दुसरा मंगळवारी सुरू झाला, असे होत नसते. पुढची दोन-तीन वर्षे दोन्ही मुलाम्यांच्या लेन्स शेजारी शेजारी तयार होत राहिल्या.

ओळखायचे कसे?

माझ्यासारखी चूक कोणी करू नये म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, दिव्याखाली पाहू नका आणि मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. पिवळ्या दिव्यात क्रोमही निकेल वाटते, आणि मोबाइल रंग आपल्या मनाने सुधारतो. दिवसा, ऊन थेट येत नाही अशा खिडकीत पांढरा कागद अंथरा आणि त्यावर लेन्स ठेवा. निकेल प्रकाशातला निळा भाग थोडा कमी परत करते, म्हणून ते ऊबदार, किंचित पिवळे दिसते. क्रोम थंड, किंचित निळे दिसते.

एकटी वस्तू पाहून डोळा फसतो. त्याला तुलना लागते, आणि तुलनेचे साहित्य आपल्या घरातच आहे. स्नानघरातला नळ बहुधा क्रोमचा असतो. निकेलसाठी आजीच्या डब्यातला जुना रुपया शोधा. वाघाचे चित्र असलेला १९४७ चा रुपया आणि अशोकस्तंभ असलेला १९५० चा रुपया, दोन्ही शुद्ध निकेलचे आहेत. लेन्सच्या एका बाजूला रुपया आणि दुसऱ्या बाजूला क्रोमची एखादी सुटी वस्तू ठेवा. लेन्स कोणाच्या घरची आहे ते क्षणात कळते. मी हे पॉलिश लावण्याआधी केले असते तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरी खूण झिजेची. निकेल हळूहळू विरळ होते, जसे वारंवार धुतलेले कापड होते. दातेरी कडा, पकडायची बोंडी, जिथे बोट पुन्हा पुन्हा लागते तिथे पितळ डोकावते आणि दोन्हींमधली सीमा मऊ असते. क्रोम असे विरत नाही. त्यावर बारीक टिपके पडतात, किंवा त्याचा पापुद्रा निघतो, आणि त्याची कड धारदार असते.

तिसरी खूण सोबतीची. काळ्या कॅमेऱ्यावर निकेलची लेन्स आणि क्रोमच्या कॅमेऱ्यावर क्रोमची लेन्स, ही नेहमीची जोडी. पण यावर फार भरवसा ठेवू नये. या लेन्स बदलता येतात, आणि मालकांनी त्या बदललेल्या असतात. शिवाय लाइट्झचा कारखाना जुने कॅमेरे परत घेऊन नव्या सोयी बसवून देत असे. काही काळे कॅमेरे अशा वेळी क्रोम होऊन घरी परतले.

लोहचुंबकाचा उपाय कोणी सुचवला तर नादी लागू नका. निकेल चुंबकाला धरते हे खरे, तो जुना रुपया टचकन चिकटेल. पण लेन्सचे अंग पितळाचे आणि निकेलचा थर अगदी पातळ, त्यामुळे ओढ जाणवणार नाही. आणि जाणवली तरी क्रोमच्या खालीही निकेलच असते.

छिद्राचे आकडे मात्र पाहण्यासारखे आहेत. युद्धापूर्वीच्या एल्मारवर ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ अशी जुनी युरोपीय मालिका असते. त्यावरून निकेल-क्रोमचा निवाडा होत नाही, पण लेन्स जुनी की युद्धानंतरची हे कळायला मदत होते.

आता फसवणुकीचे. निकेलच्या लेन्सना संग्राहकांत मान आहे. त्यामुळे क्रोमची लेन्स निकेलची करून विकण्याचा मोह होतो. वरचे क्रोम आम्लाने उतरवले की खाली निकेल तयारच असते. किंवा प्लेटिंगच्या कारखान्यात नवे निकेल चढवून मिळते. पण नवा मुलामा चढवण्याआधी घासावे लागते, आणि घासले की कोरलेली अक्षरे उथळ होतात, दातेरी कडांचे कोपरे बोथट होतात. अक्षरे झिजलेली आणि धातू मात्र कालच्यासारखा ताजा, असे दिसले तर सावध व्हावे. वस्तूचे वय सर्वांगावर सारखे दिसले पाहिजे. ९० वर्षांच्या म्हाताऱ्याचे हात विशीतले असत नाहीत.

याहून मोठी फसवणूक उलट दिशेची आहे. १९३४ पासून सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकीवला, बेघर मुलांसाठी काढलेल्या श्रमवसाहतीत, लायकाची हुबेहूब नक्कल तयार होऊ लागली. वसाहतीला फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्कीचे नाव होते, त्याच्या आद्याक्षरांवरून कॅमेरा झाला फेड. पुढे अशा सोव्हिएत कॅमेऱ्यांवरचे मूळ नाव खोडून लायका कोरायचे, आणि वर नाझी गरुड किंवा स्वस्तिक कोरायचे, असा धंदाच उभा राहिला. बाजारात ते आजही दिसतात. मला त्यातल्या खोटेपणापेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचते. नाझी चिन्ह कोरले की वस्तूला भाव चढतो, हे कोरणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

त्याच साली

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, दारांत गणवेशातले पहारेकरी उभे राहिले. आठवड्याभरात ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा आला. लायकाला क्रोम चढत होते तेच हे साल.

वेट्झलार लहान शहर, सगळे सगळ्यांना ओळखणारे. कारखान्याचा मालक धाकटा लाइट्झ हा उदारमतवादी लोकशाही पक्षाचा माणूस, नाझींच्या विरोधातला. आता ज्यू दुकानदारांच्या मुलांना कुठे काम मिळेना. लाइट्झने त्यांच्यातल्या काहींना आपल्याकडे शिकाऊ म्हणून घ्यायला सुरुवात केली. कागदावर ते साधे प्रशिक्षण होते. हाताला कसब आले की त्यांना न्यूयॉर्कच्या शाखेत किंवा परदेशातल्या विक्रेत्यांकडे पाठवायची व्यवस्था केली जाई. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली. त्यानंतर ही धडपड वाढली. काही जण जहाजातून न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांच्या गळ्यात लायका होता. परक्या देशात तो ओळखपत्रही होता आणि अडीनडीला विकता येईल अशी पुंजीही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि ही वाट बंद झाली. या सगळ्याला नंतर लायकाची मुक्तिगाडी असे नाव पडले, पण खरी गाडी कधी नव्हती. होती ती शिफारसपत्रे, तिकिटे आणि व्हिसासाठीचे प्रयत्न.

हे फुकट झाले नाही. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला ज्यूंना मदत केल्याबद्दल अटक झाली. लाइट्झची मुलगी एल्झी क्यून-लाइट्झ हिने एका ज्यू स्त्रीला स्वित्झर्लंडकडे निसटायला मदत केली, म्हणून १९४३ मध्ये गेस्टापोने तिला तुरुंगात टाकले. युक्रेनमधून वेठबिगार म्हणून आणलेल्या स्त्रिया कारखान्यात राबत होत्या. त्यांना ती माणुसकीने वागवते, हाही तिचा गुन्हा ठरला.

इथे थांबून चित्राची दुसरी बाजू पाहायला हवी. त्या स्त्रिया स्वखुशीने आलेल्या नव्हत्या. लाइट्झच्या कारखान्यात वेठबिगार होती. हा कारखाना जर्मन सैन्याला भिंगे आणि उपकरणे पुरवत होता. सैन्याच्या प्रचार तुकड्यांचे छायाचित्रकार लायका वापरत होते. युद्धकाळात लाइट्झ स्वतः नाझी पक्षाचा सदस्यही झाला. ज्या छताखाली शिकाऊ मुलाला आसरा मिळाला, त्याच छताखाली हेही घडले. यातला एक भाग सांगून दुसरा लपवणे म्हणजे इतिहासाला मुलामा चढवणे आहे.

लाइट्झ १९५६ मध्ये वारला. त्याने आपल्या मदतीचा गाजावाजा केला नाही आणि कुटुंबानेही बरीच वर्षे त्याची वाच्यता होऊ दिली नाही. ब्रिटनमधले रब्बी फ्रँक डॅबा स्मिथ यांनी कागदपत्रे आणि माणसे शोधून हा इतिहास उजेडात आणला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या ज्यू संघटनेने लाइट्झचा मरणोत्तर गौरव केला. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे सदक्याबद्दल आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. तो गृहस्थ आपल्या धर्माचा नव्हता, त्याने ही शिकवण ऐकलीही नसेल. पण वागला तो तसाच.

मला ठाऊक आहे, काही वाचक विचारतील की गाझाची बातमी रोज येत असताना तुम्ही ज्यूंच्या छळाची गोष्ट का सांगता? इस्रायलच्या सरकारबद्दल माझे मत मी लपवलेले नाही. पण १९३३ सालच्या वेट्झलारमधला तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कोणत्याही सरकारचा प्रतिनिधी नव्हता. शेजारपाजारच्या लोकांनी एका सकाळी त्याला नावावरून वेगळे काढले होते, एवढाच त्याचा अपराध. नाव ऐकताच भाड्याची खोली आधीच गेलेली निघते, हा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. दोन्हींचे माप एक नाही, हे मला कळते. पण सुरुवात कशी होते ते ओळखू येते.

माझी लेन्स कोणत्या बाजूची?

आता त्या सोप्या नियमाकडे. निकेल म्हणजे हिटलरच्या आधीची.

नियम कच्चा आहे हे मला एका वेगळ्याच लेन्समुळे कळले. लाइट्झने १९३३ मध्ये झुमार नावाची नवी, जास्त उजेड घेणारी लेन्स काढली. इंग्रजी स्पेलिंगवरून आपल्याकडचे लोक तिला सुमार म्हणतात, आणि तिच्या पुढच्या मऊ काचेवर ओरखडे इतके पटकन पडतात की नाव शोभतेही. या झुमारचे सुरुवातीचे काही नग निकेलचे आहेत. जी लेन्स जन्मलीच १९३३ मध्ये, ती निकेलची असूनही त्या काळाच्या आधीची कशी असेल? एका उदाहरणाने नियम मोडला.

मग मी माझ्या एल्मारचा क्रमांक पाहिला. अगदी सुरुवातीच्या लायका लेन्सवर क्रमांक नसायचाच. माझ्या लेन्सवर तो आहे. कारखान्याच्या क्रमांकांच्या याद्या संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. क्रमांक गठ्ठ्यांनी दिले जात, त्यामुळे वर्ष थोडे मागेपुढे होऊ शकते, पण फार नाही. माझा क्रमांक १९३४ च्या गठ्ठ्यात पडतो. म्हणजे लेन्स निकेलचीच आहे, पण आधीच्या जर्मनीतली नाही. ती घडली तेव्हा दुकानांवरचा बहिष्कार होऊन वर्ष उलटले होते.

मला वाईट वाटले, हे कबूल करतो. मला त्या पिवळसर रंगाकडून एक प्रमाणपत्र हवे होते, हे त्या क्षणी कळले. मुलाम्याच्या रंगावरून मी जर्मनीचे दोन तुकडे केले होते, एक निर्दोष आणि एक दोषी. तसे तुकडे कोणत्याच कारखान्यात पडलेले नसतात. तेच कामगार, तीच यंत्रे, तीच सकाळची घंटा. एका बाकावर निकेलची नळी, शेजारच्या बाकावर क्रोमची. आणि कदाचित त्याच सभागृहात, कानस हातात धरून काम शिकणारा एखादा मुलगा, ज्याच्या बापाच्या दुकानात आता कोणी जात नव्हते. माझी लेन्स त्या मुलाच्या हातून गेली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा एक खोटा मुलामा. पण ज्या वर्षी ती बनली त्या वर्षी तिथे काही माणसांनी काहीतरी केले, आणि बहुतेकांनी काहीच केले नाही, एवढे ठाम सांगता येते.

निकेल की क्रोम, हे डोळ्यांनी ओळखता येते. खिडकी, पांढरा कागद आणि आजीचा रुपया एवढे पुरे. साल क्रमांकावरून काढता येते. त्या साली कोण कसे वागले, हे मात्र कागदपत्रे धुंडाळून, माणसांना विचारून, दोन्ही बाजू मांडूनच कळते. त्याला पाहताक्षणी होणारी कसोटी नाही. माणसांच्या बाबतीत तर नाहीच, मग समोरचा टोपीवरून ओळखला जात असो की आडनावावरून.

लेन्स आता पुन्हा त्याच पिवळ्या फडक्यात आहे. महिन्यातून एकदा मी ती बाहेर काढून मऊ ब्रशने धूळ झटकतो. पॉलिश लावत नाही. दातेरी कडेवर मी उघडे पाडलेले पितळ तसेच आहे, त्यावर नवे निकेल चढवून घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला. मी नको म्हटले. परवा अम्मीने ती पुन्हा पाहिली आणि विचारले, "अब तक पीलीच है?"

म्हटले, "हां अम्मी. उसका रंगच वो है."